‘नंतर बघू’ हाही निर्णयच असतो

पश्चात्तापाला मराठीत एकच शब्द पुरत नाही. एसटी डोळ्यांदेखत निघून गेली की चुटपुट लागते. घाईने घेतलेल्या फोनची किंमत पुढच्याच आठवड्यात उतरली की हळहळ वाटते. वडील होते तेव्हा त्यांच्याशी निवांत बोलणं झालं नाही, ही मात्र रुखरुख असते आणि वर्षं जातात तशी तिची खंत होते. हे सगळे शब्द एकाच दुःखाच्या कमी-जास्त मात्रा नाहीत. चुटपुट थोडक्यात हुकल्याची, हळहळ बहुधा हातून घडलेल्या गोष्टीची आणि रुखरुख राहून गेलेल्या गोष्टीची.

मानसशास्त्रातला एक महत्त्वाचा निष्कर्ष याच भेदावर उभा आहे. कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९४ मध्ये लोकांना दोन प्रश्न विचारले. गेल्या आठवड्यातल्या सर्वांत मोठ्या पश्चात्तापाबद्दल विचारलं, तेव्हा उत्तरं जवळपास निम्मी निम्मी आली: केलेल्या गोष्टींबद्दल ५३ टक्के, न केलेल्यांबद्दल ४७ टक्के. संपूर्ण आयुष्याबद्दल विचारलं, तेव्हा ८४ टक्के लोकांनी न केलेल्या गोष्टींकडे बोट दाखवलं.

असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. चूक हातून घडली की आपण तिच्यामागे लागतो. माफी मागतो, वस्तू परत करतो, नोकरी बदलतो. काहीच जमलं नाही तर ‘निदान शिकायला तरी मिळालं’ असं म्हणून स्वतःची समजूत घालतो. राहून गेलेल्या गोष्टीला मात्र ना बिल असतं, ना तारीख, ना माफी मागायला समोर माणूस. त्या वेळी खरी वाटलेली कारणं (वेळ नव्हता, पैसे नव्हते, घरात आजारपण होतं) दहा वर्षांनी लंगडी वाटू लागतात, कारण त्या दिवसांचा ताण आता आठवत नाही. शिवाय न केलेल्या गोष्टीचं चित्र कल्पनेतलं असल्याने त्यात सगळं चांगलंच घडतं.

निर्णयाच्या क्षणी मात्र मनाचा काटा उलट्या बाजूला झुकतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९८२ मध्ये लोकांसमोर एक कल्पित प्रसंग ठेवला. एका माणसाकडे ‘अ’ कंपनीचे शेअर होते. ते विकून ‘ब’चे घ्यावेत असं त्याच्या मनात आलं, पण त्याने घेतले नाहीत. दुसऱ्याकडे ‘ब’चे होते आणि ते विकून त्याने ‘अ’चे घेतले. पुढे ‘ब’ वर गेला. दोघांचंही १,२०० डॉलरचंच नुकसान. जास्त वाईट कुणाला वाटेल? ९२ टक्के लोक म्हणाले, ज्याने अदलाबदल केली त्याला. नुकसान तेवढंच, पण ‘माझ्या हाताने झालं’ ही टोचणी अधिक.

ही दोन निरीक्षणं एकत्र ठेवली की रोजच्या निर्णयांमधली फसगत दिसते. आज हळहळ नको म्हणून आपण काही न करणं पत्करतो आणि पुढची रुखरुख त्या काही न करण्यातूनच तयार होते. म्हणून आयुष्याला वळण देणारे निर्णय म्हटलं की लग्न, नोकरी, घर एवढेच आठवतात, तरी खरं वळण बऱ्याचदा ‘सध्या राहू दे’ म्हणालो तिथे पडलेलं असतं. त्या वेळी आपण काही ठरवतो आहोत असं वाटलेलंही नसतं.

न सांगता ठरलेला पर्याय

काही केलं नाही तर आपण आहोत तिथेच राहू, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक फॉर्मला, अ‍ॅपला आणि योजनेला एक न सांगता ठरलेला पर्याय असतो. तुम्ही काहीच बोलला नाहीत तर तो आपोआप लागू होतो आणि तो ठरवणारा दुसरा कुणीतरी असतो. ब्रिजिट माड्रियन आणि डेनिस शी यांनी २००१ मध्ये एका अमेरिकन कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. निवृत्तीच्या बचत योजनेत येण्यासाठी स्वतः फॉर्म भरावा लागत असे, तेव्हा नव्या कर्मचाऱ्यांपैकी ४९ टक्के आले. पुढे कंपनीने नियम उलटा केला: नको म्हणाल तरच बाहेर. त्यानंतर लागलेल्यांपैकी ८६ टक्के योजनेत राहिले. या अभ्यासाचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. आपोआप आलेल्यांपैकी बहुतेक जण कंपनीनेच नेमलेल्या ३ टक्के कपातीवर आणि तिनेच निवडलेल्या सुरक्षित पण कमी वाढणाऱ्या फंडात राहिले. म्हणजे आळसाने त्यांना योजनेत आणलं आणि आळसानेच कमी बचतीवर अडकवलं.

याच्या जोडीला दुसरी ओढ असते, जवळच्या गोष्टीची. आज १,००० रुपये की महिन्याने १,१००, असं विचारलं तर पुष्कळ जण आजचे हजार घेतात. १२ महिन्यांनी १,००० की १३ महिन्यांनी १,१००, असं विचारलं तर तेच लोक एक महिना थांबायला तयार होतात. अंतर दोन्हीकडे एका महिन्याचंच आहे, पण पहिल्या प्रश्नात ‘आज’ आहे. बचत, व्यायाम, तपासणी, कागदपत्रं यांचा त्रास आजचा आणि फायदा पुढचा, म्हणून हीच कामं नेमकी मागे पडतात. त्यात इच्छाशक्तीचा दोष वाटतो त्यापेक्षा कमी आणि मांडणीचा जास्त असतो. मांडणी बदलता येते, पण त्याआधी ती कुठे नडते हे आकड्यांत पाहू.

‘कमीत कमी रक्कम भरा’

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात: एकूण देय आणि किमान देय. किमान रक्कम भरली की उशिराचा दंड लागत नाही, फोन येत नाहीत, म्हणून ‘या महिन्याचं भागलं’ असं वाटतं. व्याज मात्र राहिलेल्या रकमेवर चालूच असतं.

समजा, ५०,००० रुपये थकले आहेत. व्याज महिन्याला ३.५ टक्के, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्षात महिन्याला ४.१३ टक्के. किमान देय थकबाकीच्या ५ टक्के धरू आणि कार्डावर नवा एक रुपयाही खर्च करत नाही असं मानू. पहिला हप्ता साधारण २,६०० रुपयांचा. वर्षभरात एकूण सुमारे २९,४०० रुपये भरून होतात. वर्षअखेर थकबाकी किती? जवळपास ४३,९००. भरलेल्या २९,४०० पैकी मुद्दल फिटलं फक्त ६,१०० च्या आसपास, उरलेलं व्याज आणि त्यावरचा कर. या गतीने कर्ज निम्मं व्हायलाच ५ वर्षांहून जास्त काळ जातो, कारण थकबाकी घटते तसा किमान हप्ताही घटत जातो. हप्ता हलका होतोय याचा आनंद वाटतो आणि तिथेच गफलत होते.

त्याच कार्डावर हप्ता स्वतः ठरवून दरमहा ठाम ५,००० भरले, तर तेच कर्ज साधारण १३ महिन्यांत संपतं आणि एकूण सुमारे ६६,००० जातात. १६ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जातून कार्ड एकरकमी फेडलं, तर १२ महिन्यांचा हप्ता सुमारे ४,५४० बसतो आणि एकूण ५४,५०० च्या आत भागतं, प्रक्रिया शुल्क वेगळं. इथे एक चूक सर्रास होते: कार्ड मोकळं झालं की ते पुन्हा वापरात येतं आणि दोन्ही कर्जं अंगावर बसतात. त्यामुळे कार्ड फेडलं त्याच दिवशी अ‍ॅपमध्ये जाऊन त्याची खर्चमर्यादा खाली आणावी.

आणखी एक बारीक गोष्ट. मागची थकबाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरचा बिनव्याजी काळही जातो. किराणा घेतला तरी त्या दिवसापासून व्याज सुरू. किमान रक्कमच भरत राहिल्यास फेड लांबते आणि चक्रवाढ व्याज बसतं, हा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे, पण तो वाचणारे थोडे. म्हणून बिल आपोआप भरण्याची सोय लावताना ‘किमान’ आणि ‘पूर्ण’ यांपैकी कशावर खूण आहे हे उघडून पाहावं. दोन मिनिटांचं काम आहे आणि रोजच्या व्यवहारातली याहून महत्त्वाची खूण क्वचितच असेल.

नोकरी बदलली, पीएफ काढला

इथे थोडं थांबू, कारण हा पश्चात्ताप ५८ व्या वर्षी कळतो आणि तोवर दार बंद झालेलं असतं.

पगारातून कापला जाणारा पीएफ म्हणजे एकच डबा, असं बहुतेकांना वाटतं. डबे दोन असतात. तुमचे १२ टक्के पूर्ण भविष्य निर्वाह निधीत जातात. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के (१५,००० रुपये पगाराच्या मर्यादेवर, म्हणजे महिना जास्तीत जास्त १,२५०) पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले निधीत. नोकरी सोडल्यावर फॉर्म १९ ने निधी निघतो, फॉर्म १०सी ने पेन्शनचा भाग. ‘दोन्ही भरून टाक, थोडे जास्त मिळतील’ असा सल्ला ऑफिसात सहज मिळतो.

निधीचा हिशेब आधी करू. २५ व्या वर्षी १,२०,००० काढले नाहीत आणि ८.२५ टक्के व्याजाने (२०२४-२५ चा दर) ५८ पर्यंत ठेवले, तर सुमारे १६.४ लाख होतात. हा आकडा दाखवून लोकांना घाबरवलं जातं, पण तो अर्धा खरा आहे. महागाई ५ टक्के धरली तर त्या १६.४ लाखांची आजची किंमत सव्वातीन लाखांच्या आसपास भरते. म्हणजे नुकसान आहे, पण घरात खरंच गरज असेल तर पैसे काढणं हा गुन्हा नाही. करही लक्षात घ्यावा: सलग ५ वर्षांच्या सेवेआधी काढलेली रक्कम करपात्र ठरते आणि ती ५०,००० किंवा जास्त असेल तर पॅन दिलेला असतानाही १० टक्के टीडीएस कापला जातो. खातं नव्या नोकरीत वर्ग केलं तर मागची सेवा या ५ वर्षांत धरली जाते.

पेन्शनचं नुकसान मात्र वेगळ्या जातीचं आहे. मासिक पेन्शनचं सूत्र: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. किमान १० वर्षांची सेवा लागते. ९ वर्षं ६ महिने झाले तर ते १० धरले जातात. २० वर्षं पूर्ण झाली की २ वर्षं वाढवून मिळतात. १५,००० पगारमर्यादेवर ३० वर्षांची सेवा असेल तर १५,००० × ३२ ÷ ७० = ६,८५७ रुपये महिना. सुरुवातीची ८ वर्षं फॉर्म १०सी ने मोडून टाकली असतील तर उरतात २२: १५,००० × २४ ÷ ७० = ५,१४३. फरक महिना १,७१४, तोही आयुष्यभर. आणि ज्याने ८, मग ५, मग ९ वर्षं अशा तिन्ही वेळा पैसे काढले, त्याची नोकरी २२ वर्षांची झाली तरी पेन्शन शून्य.

या निर्णयात वाईट हेतू नसतो, बेपर्वाईही नसते. नोकरी बदलताना दीड-दोन महिने हात तंग असतो, घराचं डिपॉझिट भरायचं असतं आणि फॉर्म सोपा असतो. आपण पैसे काढतोय एवढंच दिसतं, सेवेची वर्षं विकतोय हे दिसत नाही. पैसे हवेच असतील तर निधीचा भाग काढावा आणि पेन्शनच्या भागाला हात लावू नये. तोच १०सी फॉर्म भरताना पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र मागता येतं. त्यात तुमची सेवा नोंदून राहते आणि पुढच्या नोकरीत जोडली जाते.

पुढे नोकरी मिळणार असेल तर सरळ मार्ग असा. नव्या मालकाला जुनाच यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक) द्यायचा, नवा काढू द्यायचा नाही. दोन यूएएन झाले की सेवा दोन जागी तुटते आणि जोडायला महिने लागतात. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, हे सदस्य पोर्टलवर पाहायचं. भरली नसेल तर शेवटच्या जमेनंतर दोन महिने उलटल्यावर आपल्याला स्वतः भरता येते. मग फॉर्म १३ ची ऑनलाइन बदली. अर्ज फेटाळला जाण्याची नेहमीची कारणं क्षुल्लक असतात: आधारवर ‘सुनिता’ आणि पीएफमध्ये ‘सुनीता’, जन्मतारखेत एका वर्षाचा फरक, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव. हे दुरुस्त करायची वेळ नोकरी चालू असतानाच असते. कंपनी बंद पडल्यावर सही करायला कुणी सापडत नाही.

त्याच पोर्टलवर नामांकन असतं. लग्नाआधी भावाचं किंवा बहिणीचं नाव लावलं असेल तर लग्नानंतर ते नामांकन आपोआप रद्द ठरतं आणि नवं भरलं नसेल तर मागे राहिलेल्यांना वारसाची कागदपत्रं गोळा करत फिरावं लागतं. पीएफ खात्याशीच ७ लाखांपर्यंतचा जीवन विमाही जोडलेला असतो. बँकेच्या खात्यावर १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नामांकन करता येतं. नॉमिनी म्हणजे मालक, असं मात्र समजू नये. बँक ठेवी आणि शेअरच्या बाबतीत नॉमिनी हा रक्कम हाती घेणारा. हक्क कुणाचा हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. ही खंत आपल्या वाट्याला येत नाही, घरच्यांच्या येते, आणि म्हणूनच ते काम राहून जातं.

आरोग्य विमा: ‘यंदा नको’

तिशीतल्या माणसाला आरोग्य विमा म्हणजे वाया जाणारा हप्ता वाटतो आणि त्या वर्षापुरतं ते खरंही असतं. पण विम्याच्या हप्त्यातून केवळ त्या वर्षीचं संरक्षण मिळत नाही, प्रतीक्षा काळाचं घड्याळही सुरू होतं. पॉलिसीच्या आधीपासून असलेल्या आजारांसाठी २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं. मोतीबिंदू, हर्निया, गुडघे बदलणं अशा ठरावीक उपचारांनाही वेगळा प्रतीक्षा काळ असतो. ३२ व्या वर्षी निरोगी असताना पॉलिसी घेतली आणि ३८ व्या वर्षी साखर निघाली, तर तो आधीचा आजार ठरत नाही. ४० व्या वर्षी साखर निघाल्यावर पॉलिसी घ्यायला गेलं, तर तीन वर्षांचं थांबणं आणि जास्त हप्ता, दोन्ही येतात.

‘ऑफिसचा विमा आहे की’ हे उत्तर नोकरी असेपर्यंत ठीक. नोकरी गेली की तो विमाही जातो आणि माणूस तेव्हा पंचेचाळिशीचा असू शकतो.

दुसरी चूक अर्जाच्या दिवशी होते. एजंट म्हणतो, ‘बीपीचं कशाला लिहिता, हप्ता वाढेल.’ लिहिलं नाही तर त्या वेळी हजार-दोन हजार वाचतात आणि दावा नाकारण्याचं कारण कंपनीच्या हाती जातं. पाच वर्षं सलग पॉलिसी चालल्यावर लपवलेल्या माहितीवरून दावा नाकारता येत नाही, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून सुटत नाही. फॉर्म दुसऱ्याने भरला असला तरी पॉलिसी हातात आल्यावर सोबत जोडलेल्या अर्जाची प्रत वाचावी आणि चूक असल्यास लेखी कळवावी.

नूतनीकरण विसरणं ही तिसरी चूक. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मिळते आणि पॉलिसीचं सातत्य टिकतं, मात्र वार्षिक हप्त्याच्या बाबतीत त्या मधल्या दिवसांत दवाखान्यात दाखल झालात तर संरक्षण नसतं.

बीपीच्या गोळीचंही असंच: सगळं ठीक दिसतं, तेव्हाच चूक होते. मोजल्यावर १२०/८० आलं, म्हणून लोक गोळी बंद करतात. आकडा गोळीमुळे तिथे आहे, हे त्या क्षणी ध्यानात येत नाही. बंद केल्यावर काही दिवस काहीच जाणवत नाही, कारण वाढलेला रक्तदाब सहसा दुखत नाही. गोळी कमी करायची की थांबवायची, हे घरी रोज ठरावीक वेळी घेतलेल्या नोंदी पुढे ठेवून डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

परतीचं दार किती दिवस उघडं?

सगळ्या निर्णयांवर सारखा विचार करत बसलं तर माणूस थकून जातो आणि थकला की पुन्हा ‘नंतर बघू’कडे वळतो. म्हणून निर्णय लहान की मोठा यापेक्षा तो परत फिरवता येतो का, हे आधी पाहावं. कोणता शर्ट, कोणतं हॉटेल, कोणत्या रंगाचा पडदा यांत पाच मिनिटांहून जास्त घालवू नयेत. चुकलं तर चुटपुट लागेल आणि विरून जाईल.

काही निर्णयांचं दार ठरावीक दिवस उघडं असतं आणि ते दिवस पाठ असलेले बरे. जीवन किंवा आरोग्य विमा पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत कारण न देता परत करता येते. त्या काळातला जोखमीचा हप्ता, तपासणी आणि मुद्रांक खर्च वजा होऊन उरलेले पैसे मिळतात. अ‍ॅपवरून घेतलेलं कर्ज किमान एक दिवसाच्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या काळाचं व्याज भरून दंडाशिवाय सोडता येतं. नव्या इमारतीत घर घेताना नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. कुणी जास्त मागत असेल तर तिथेच थांबावं. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर पहिल्या तासांना मोल असतं. लगेच १९३० वर फोन करावा, सकाळी बघू म्हणू नये.

आणि काही दारं सही होताच बंद होतात. हक्कसोडपत्र त्यातलंच. भाऊ म्हणतो, ‘ताई, तलाठ्याकडे नाव लावायचंय, फक्त सही कर.’ राखीपौर्णिमा जवळ असते, नाही म्हणणं जड जातं. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करायचं तर दिवाणी न्यायालयात फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो. द्यायचंच असेल तर आनंदाने द्यावं, पण मसुदा चार दिवस घरी आणून, कुणा जाणत्याकडून वाचून घेऊन. चार दिवसांनी नातं तुटत नाही.

‘नंतर’ला तारीख

काम पुढे ढकलणं वाईट नाही. तारीख न लावता ढकलणं वाईट. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी दाखवलेली साधी युक्ती इथे उपयोगी पडते: इरादा ‘जेव्हा–तेव्हा’च्या वाक्यात बांधायचा. ‘यंदा मृत्युपत्र करायचंच’ हा नुसता इरादा झाला. ‘दिवाळीच्या पाडव्याला चहा झाला की मी आणि ही बसून मालमत्तेची यादी लिहिणार’ हे वाक्य काम करतं, कारण ते आठवून देणारी खूण वाक्यातच असते. सवयीला २१ दिवस लागतात, हे सगळीकडे ऐकू येतं. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात ९६ जणांनी भाग घेतला. ज्यांच्या नोंदींतून सवयीचा काळ नीट काढता आला, त्यांच्यात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला आणि माणसामाणसांतला पल्ला १८ ते २५४ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा एक सकाळ बुडाली म्हणून फिरायला जाणं सोडून देणं हा निव्वळ गैरसमज आहे.

बचतीसाठी अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी आजच्या पगाराला हात न लावण्याचा मार्ग काढला. कर्मचाऱ्यांकडून एवढंच कबूल करून घेतलं की पुढची पगारवाढ झाली की तिच्यातला काही भाग आपोआप बचतीत जाईल. ज्यांना हा पर्याय दिला त्यांतले ७८ टक्के तयार झाले आणि ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. आपल्याकडे हेच दरवर्षी वाढणाऱ्या एसआयपीने (म्युच्युअल फंडातल्या दरमहाच्या हप्त्याने) किंवा ऐच्छिक पीएफने जमतं. एसआयपीची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची ठेवावी. २५ तारखेला ठेवली तर खात्यात पैसे नसतात आणि हप्ता परत गेल्याचा दंड बसतो.

मोठ्या निर्णयांसाठी एक वही ठेवावी. चार ओळी पुरतात: तारीख, समोर कोणते पर्याय होते, हाच का निवडला, आणि काय घडलं तर मत बदलेन. ‘काहीच करायचं नाही’ हा पर्यायही नाव देऊन लिहावा, त्याचा खर्च काढावा. ही वही ठेवण्याचं खरं कारण म्हणजे निकाल कळला की आपली आठवण बदलते. निकाल वाईट लागला की निर्णयच मूर्खपणाचा होता असं वाटू लागतं, मग तो त्या दिवशीच्या माहितीवर योग्य का असेना. उलट, हेल्मेट न घालता सुखरूप घरी पोचलेला माणूस स्वतःचा निर्णय बरोबर समजतो. वहीत त्या दिवशीची माहिती त्या दिवशीच्या अक्षरात असते, त्यामुळे निर्णय चुकला की नशीब, हे वेगळं काढता येतं. नशिबाचं असेल तर स्वतःला दोष देणं थांबवावं. निर्णयाचं असेल तर नेमकी कोणती माहिती विचारायची राहिली, ते समासात लिहावं.

वर्षातून एकदा, शक्यतो मार्चअखेरीच्या कागदपत्रांबरोबर, वही उघडावी. पीएफचं पासबुक, पॉलिसीची नूतनीकरणाची तारीख, कार्डाच्या आपोआप भरण्याची खूण आणि नामांकनं त्याच बैठकीत तपासून होतात. साधारण तासाभराचं काम. आदल्या वर्षीच्या ज्या नोंदींत ‘नंतर’ लिहिलं आहे पण तारीख नाही, त्या आधी वाचाव्यात आणि प्रत्येकीपुढे तारीख घालून किंवा काट मारूनच वही मिटावी.